हिंगणघाटला थांबलेला कर्नल

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जगभर 'जीआयएस डे' साजरा होतो. १९९९ पासूनची ही पद्धत. कॉम्प्युटरवरच्या नकाशांचा रोजच्या जगण्यात काय उपयोग होतो, ते आजूबाजूच्या लोकांना बोलावून दाखवायचं, एवढाच साधा हेतू. आपल्या कॉलेजातही सिव्हिलच्या पोरांनी टेबलं मांडली होती हे ज्यांनी फुकटचा चहा प्यायला त्यांना आठवत असेलच.

आमच्या टेबलाचा विषय होता २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. आम्ही साकीनाका, पवई भागात दारोदार फिरलो. पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या लोकांना विचारलं, त्या जागेचा जीपीएस ठिपका घेतला आणि सगळे ठिपके सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर टाकले. आदल्या रात्री दोन वाजता बघतो तर काय! सगळे ठिपके शंभरेक मीटर सरकलेले. एक चाळ नदीच्या पात्रात, एक सोसायटी चक्क तलावात. आता शंभर मीटर म्हणजे उपनगरात चार गल्ल्या होतात. ज्या गल्लीत माणसं गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती ती आमच्या नकाशात कोरडी, आणि शेजारची बुडालेली.

सकाळी सरांनी बघितलं आणि हसले. डेटम बदल म्हणाले. जुनी टोपोशीट 'एव्हरेस्ट १८३०' या पृथ्वीवर काढलेली, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नवे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आले, पण आमच्या हातात जुनंच शीट होतं. एक ड्रॉप-डाउन बदलला आणि सोसायटी तलावातून बाहेर आली. मग सरांनी विचारलं, एव्हरेस्टच्या आधी ही पृथ्वी मोजायला सुरुवात कुणी केली ठाऊक आहे का? कुणालाच नव्हतं. सर म्हणाले, विल्यम लॅम्ब्टन. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या गावात पुरलाय तो.

मी हिंगणघाटचा. अठरा वर्षं तिथे काढली. कापसाची जिनं माहीत, वणा नदी माहीत, स्टेशनवरचे सगळे चहावाले माहीत. लॅम्ब्टन माहीत नाही! पुढचे पंधरा दिवस सबमिशन सोडून याच माणसाच्या मागे लागलो. त्याचीच ही गोष्ट.

लॅम्ब्टनचा जन्म १७५३ च्या सुमारास, इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये नॉर्थअॅलर्टनजवळ. घरची परिस्थिती बेताची, पण गणितात डोकं. सैन्यात भरती होऊन अमेरिकेत गेला आणि नंतर कॅनडाच्या बाजूला बराकींची देखभाल करत तब्बल तेरा वर्षं अडकून पडला. तिथे एक सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि एका डोळ्याची नजर गेली. (लक्षात घ्या, ज्याने पुढे आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला त्याचा एकच डोळा धड होता. आम्हाला दोन असून थिओडोलाइटचा बबल मध्यावर येत नाही.) फावल्या वेळात तो गणित आणि भूमापनाची पुस्तकं वाचत राहिला. भारतात आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. आपल्याकडे त्या वयात लोक पीएफचा हिशेब करायला लागतात.

१७९९ मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत तो होता. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात कूच करत होती. लॅम्ब्टनने वर ताऱ्यांकडे बघितलं आणि तुकडी दक्षिणेऐवजी उत्तरेला, म्हणजे सरळ टिपूच्या छावणीकडे चाललीय हे ओळखलं. जनरलसाहेबांना ते पटेना. शेवटी होकायंत्र बघावं लागलं, आणि लॅम्ब्टनच बरोबर निघाला.

श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याने मद्रास सरकारपुढे योजना ठेवली. दक्षिण भारत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांनी बांधून काढायचा. एक बाजू जमिनीवर साखळीने अत्यंत काटेकोर मोजायची, पुढे फक्त कोन मोजायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढत जायचं. आपण दुसऱ्या वर्षाला ट्रँगुलेशन म्हणून घोकतो तेच. पण त्याच्या डोक्यात याहून मोठं काही होतं. पृथ्वी ध्रुवांकडे नेमकी किती चपटी आहे ते त्याला काढायचं होतं. त्यासाठी ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरळ रेघ मोजत जायचं आणि अक्षांशाचा एक अंश कुठे किती लांब भरतो ते बघायचं. मद्रासच्या हिशेबनीस साहेबांपैकी एकाला हा सगळा खर्च वायफळ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगितलं की झालं, नकाशा कशाला, असा त्याचा सवाल होता. फंड मंजूर करणारे तेव्हाही असेच होते म्हणायचे! पण लॅम्ब्टनच्या पाठीशी त्याचा कमांडिंग ऑफिसर आर्थर वेलस्ली होता आणि त्याचा भाऊ गव्हर्नर जनरल. काम मंजूर झालं.

मोजायची साखळी मिळाली तीही मजेशीर वाटेने. ब्रिटिशांनी ती चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेली होती, त्याने ती नाकारली आणि फिरत फिरत ती भारतात आली. मोठा थिओडोलाइट लंडनच्या केरीने बनवलेला, वजन अर्धा टन, वर्तुळाचा व्यास ३६ इंच. तो घेऊन येणारं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. पण यंत्र शास्त्राच्या कामाचं आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते शत्रूला, म्हणजे मद्रासला, सन्मानाने पाठवून दिलं.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिल्या बेसलाइनची मोजणी सुरू झाली. लांबी साडेसात मैल, साखळी शंभर फुटांची, म्हणजे जवळजवळ चारशे वेळा साखळी उचलून पुढे ठेवायची. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची आणि बाजूला थर्मामीटर. मद्रासचा एप्रिल-मे कसा असतो ते तिकडच्या मित्रांना विचारा. आज १० एप्रिल हा राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळतात तो यावरूनच.

मद्रासहून तो त्रिकोणांची साखळी पश्चिमेला मंगळूरपर्यंत घेऊन गेला. जुन्या नकाशांत तिथली रुंदी ४०० मैल होती, लॅम्ब्टनला ३६० मैल भरली. चाळीस मैल जमीन नुसती कागदावरच होती.

मग १८०८ साल उजाडलं. कावेरीच्या सपाट प्रदेशात टेकड्या नाहीत, ताडामाडांच्या वर नजर जात नाही, म्हणून तंजावरला बृहदीश्वराच्या देवळावर थिओडोलाइट चढवायचं ठरलं. दोराने ओढत असताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचं यंत्र देवळाच्या दगडी भिंतीवर आपटलं. ज्या वर्तुळावर कोन वाचायचे तेच वाकडं झालं. दुसरं कुणी असतं तर लंडनला पत्र लिहून दोन वर्षं स्वस्थ बसलं असतं. लॅम्ब्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं. एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ कोरलं, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते वाकलेलं कडं रोज थोडं थोडं ओढत मूळ आकारात आणलं. सहा आठवडे लागले. एकाला पुढे जाऊ दिलं नाही आणि स्वतःही बाहेर गेला नाही. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या आयुष्यात हेच सहा आठवडे सगळ्यात मोठे. पुढे कित्येक वर्षं त्याच यंत्राने काम केलं.

लोकांचा त्रास वेगळाच. टेकडीवर दुर्बीण लावून साहेब घरांतल्या बायका बघतो, असा संशय ठिकठिकाणी होता. त्यात दुर्बिणीतून चित्र उलटं दिसायचं, म्हणजे गोष्ट आणखीच वाईट. याखेरीज जंगलातला ताप. कितीतरी खलाशी, निशाणवाले आणि मदतनीस तापाने गेले. त्यांची नावं कुठल्याच टोपोशीटवर नाहीत.

१८१५ पर्यंत रेघ बीदरपर्यंत आली. १८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं आणि हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी आला. तोवर लॅम्ब्टनची साठी उलटली होती. १८२२ मध्ये वऱ्हाडात एलिचपूरजवळ, म्हणजे आपल्या अचलपूरच्या बाजूला, आणखी एक बेसलाइन मोजली गेली. कन्याकुमारीपासून इथवर जवळजवळ तेरा अंश, चौदाशे किलोमीटर. आजूबाजूचे त्रिकोण धरून सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा मुलूख बांधून झाला होता.

रेघ अजून उत्तरेला न्यायची होती, म्हणून मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं. फुप्फुसांचं दुखणं जोर करत होतं, खोकला थांबत नव्हता, तरी तो निघाला. नागपूर अजून पन्नास मैल होतं. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी तो गेला. तिथेच त्याला पुरलं.

एव्हरेस्टने काम पुढे नेलं, १८४१ पर्यंत रेघ हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. आमच्या टोपोशीटची पृथ्वी म्हणजे 'एव्हरेस्ट १८३०', त्यात लॅम्ब्टनने मोजलेले दक्षिणेचे अंशही आहेत. विषुववृत्ताची तिची त्रिज्या डब्ल्यूजीएस-८४ च्या त्रिज्येपेक्षा ८६१ मीटरने कमी आहे. सहा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटरमध्ये ८६१ मीटर, आणि तेही साखळी, दोर आणि एका डोळ्यावर. १८६५ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव दिलं. लॅम्ब्टनची कबर मात्र लोक विसरूनच गेले. जॉन की या इंग्रज लेखकाने १९९० च्या दशकात ती शोधून काढली आणि २००० साली आलेल्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिलं.

दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परवा फोन करून बाबांना विचारलं, आपल्याकडे कुणा गोऱ्या साहेबाची कबर आहे का? ते म्हणाले, असेल, का रे, सर्व्हेत केटी लागली का? आता सेमिस्टर संपलं की पहिलं तेच काम. जीपीएस नेणार आहे बरोबर, एक ठिपका घ्यायचाय.