शेतकऱ्यांचे मुख्यमंत्री : कै. वसंतराव नाईक

विधानसभेत निवडून जाणारे पुष्कळ असतात. परंतु तेथे बसूनही ज्यांचे लक्ष शेतातील पिकाकडे लागलेले असते, असे विरळाच. कै. वसंतराव नाईक हे अशा विरळांपैकी एक होत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा कुटुंबात वसंतरावांचा जन्म झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते बी. ए. झाले, पुढे वकिलीची परीक्षा देऊन पुसदला त्यांनी व्यवसाय मांडला. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी हे धाडसच होते, आणि त्याची झळ उभयतांनी धीराने सोसली.

पुसदच्या नगराध्यक्षपदापासून त्यांच्या सार्वजनिक कार्यास प्रारंभ झाला. १९५२ साली ते तत्कालीन मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात सहकार, कृषी, महसूल अशी शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची खाती त्यांनी सांभाळली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची उभारणी त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावर झाली. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

तो काळ अन्नटंचाईचा होता. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर देशाची भिस्त होती. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला फाशी द्यावी. संकरित ज्वारीचे बियाणे खेडोपाडी पोहोचविण्यासाठी त्यांनी सारी यंत्रणा जुंपली. त्याच सुमारास केंद्रात अन्न व कृषी खाते सांभाळणारे सी. सुब्रह्मण्यम हे याच तमिळ भूमीचे सुपुत्र होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे वसंतरावांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली.

तथापि निसर्गापुढे प्रतिज्ञेचे काय चालणार? १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला. मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकल्या आहेत. स्वयंपूर्णतेचे स्वप्न भंगले खरे. पण वसंतराव खचले नाहीत. दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसांच्या हातांना काम मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना याच राजवटीत रुजली. तिचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ साली देशानेही तशा हमीचा कायदा केला. धान्य पुरविण्याचे वचन अपुरे राहिले, पण काम देण्याची हमी मागे उरली. आमच्या मते हेच त्यांचे खरे ऋण होय.

त्यांच्या कारकिर्दीत उणिवा नव्हत्या असे नाही. मुंबईत दाक्षिणात्य बांधवांविरुद्ध आंदोलने झाली, तेव्हा सरकारने सौम्य धोरण स्वीकारले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. चेन्नईने ज्यांना पोटाशी धरले, त्या आम्हा मराठी माणसांना तो आक्षेप विसरून चालणार नाही. परमुलुखात आपुलकी मिळणे म्हणजे काय, हे आम्ही येथे रोज अनुभवतो.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ साली ते वाशिममधून लोकसभेवर गेले, आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे, मायभूमीपासून दूर, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपणही मुलांना पानातील भाकरी कोणाच्या घामातून आली, एवढे जरी सांगितले, तरी या भूमिपुत्रास ती योग्य आदरांजली ठरेल.