डबल बारवाला मास्तर

गल्लीतल्या व्यायामशाळेत किंवा महापालिकेच्या बागेत डबल बार बहुधा असतोच. संध्याकाळी एखादा मुलगा त्यावर हात टेकून झुलत असतो आणि बाकीचे कठड्यावर बसून मोजत असतात. हा डबल बार आपल्या तालमींतला नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी बर्लिनच्या एका शाळामास्तराने तो रूढ केला. त्याचे नाव फ्रिडरिश लुडविग यान. पण त्याच्या लाकडी दांड्यांपेक्षा मला कठड्यावर बसून मोजणारी मुले जास्त महत्त्वाची वाटतात. तीही त्यानेच जमवली होती.

यानचा जन्म ११ ऑगस्ट १७७८ रोजी प्रशियातील लांझ या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी झाला. तो दोन-तीन विद्यापीठांत फिरला, पदवी मात्र कुठलीच मिळवली नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि तो पराभव यानच्या मनात कायमचा रुतून बसला. देशाची पोरे कणखर व्हायला हवीत, या एकाच ध्यासाने तो बर्लिनला शिक्षक झाला. बुधवारी आणि शनिवारी दुपारी शाळेला सुट्टी असे. तेव्हा तो मुलांना शहराबाहेर न्यायचा आणि पळायला, उड्या मारायला, कुस्ती खेळायला लावायचा. १८११ च्या उन्हाळ्यात हाझेनहाइडे नावाच्या माळावर त्याने उघड्यावरच व्यायामाचे मैदान थाटले. तिथे सिंगल बार, शिड्या, चढायचे दोर आणि लाकडी घोडा आला. घोड्यावरच्या कसरतीला हातांत ताकद हवी, म्हणून डबल बार आला.

सक्ती कुणावरच नव्हती, तरी काही वर्षांत शेकडो तरुण येऊ लागले. सर्वांचा पोशाख एकच, स्वस्त जाड्याभरड्या कापडाचा. त्यामुळे सावकाराचा मुलगा कोण आणि सुताराचा कोण, हे कळत नसे. मैदानात अहो-जाहो बंद. सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत. त्या काळच्या जर्मनीत ही लहान गोष्ट नव्हती. थोरली मुले धाकट्यांच्या तुकड्या चालवत. ठरलेल्या कसरती झाल्या की ज्याला जे आवडेल ते करण्याची मुभा असे. आणि जे काही व्हायचे ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

डोळ्यांदेखत होण्याचा हा परिणाम आता मोजून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे आठशे विद्यार्थ्यांना ११ आठवड्यांच्या व्यायामवर्गांत घेतले आणि त्यांचे ऑनलाइन गट पाडले. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतरांची हजेरी ज्यांना क्रमवारीने दिसत होती, ते एकेकट्यांच्या मानाने जवळपास दुप्पट वेळा वर्गाला आले. ज्या गटांत फक्त एकमेकांना धीर देण्याची सोय होती, ते मात्र एकट्यांपेक्षाही मागे पडले. नुसत्या गप्पांच्या गटात आळशी मंडळी बाकीच्यांनाही खाली ओढतात, असे संशोधकांना वाटते. क्रमवारीत नजर आपोआप पुढच्याकडे जाते. वर्षभराची फी भरून तिसऱ्या आठवड्यात जिममधून गायब होणारे आपल्या ओळखीत असतातच. त्यांच्या ‘फिटनेस ग्रुप’वर रोज ‘शुभ सकाळ’ मात्र चुकत नाही!

हाझेनहाइडेच्या तरुणांची नजर अशी पुढच्याकडे होती आणि सर्वांत पुढे यान होता. अडचण इथेच होती. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध तो स्वयंसेवकांच्या पथकात गेला, त्याची मुलेही मागोमाग गेली. पुढे फ्रेंचांबद्दलचा आणि ज्यूंबद्दलचा त्याचा द्वेषही त्यांनी तसाच उचलला. १८१७ मध्ये वार्टबुर्गच्या मेळाव्यात त्याच्या अनुयायांनी नावडत्या पुस्तकांची होळी केली. मार्च १८१९ मध्ये विद्यार्थी चळवळीतल्या एका तरुणाने कोट्सेबू या नाटककाराला भोसकून मारले. सरकार हादरले. जुलैमध्ये यानला अटक झाली, मैदाने बंद पडली आणि प्रशियात अशा सार्वजनिक कसरतींवर १८४२ पर्यंत बंदी राहिली.

१८२५ मध्ये त्याची सुटका झाली, पण अट विलक्षण होती. बर्लिनमध्ये किंवा विद्यापीठ वा मोठी शाळा असलेल्या कोणत्याही गावात त्याने राहायचे नाही. व्यायाम त्याने खुशाल करावा. तरुणांची संगत तेवढी धरायची नाही. तो फ्रायबुर्ग या लहानशा गावी जाऊन राहिला. १८४० मध्ये नव्या राजाने पोलिसांची नजर उठवली आणि लढाईतल्या कामगिरीबद्दल पदकही दिले.

१८४८ च्या क्रांतीत सत्तरीचा यान फ्रँकफुर्टच्या संसदेत निवडून गेला. तिथे तो राजाच्या बाजूने उभा राहिला. प्रजासत्ताक मागणाऱ्या तरुण कसरतपटूंना तो आता जुनाट वाटू लागला होता. त्यांच्यातले काही अमेरिकेत पळून गेले आणि त्याच वर्षी सिनसिनाटी शहरात त्यांनी आपले व्यायाममंडळ काढले. यान फ्रायबुर्गला परतला. १५ ऑक्टोबर १८५२ रोजी तो तिथेच वारला.