चार्ल्स केटरिंग : एका संशोधकाचे दान आणि ऋण

सकाळी दाराशी उभी असलेली मोटार किल्ली फिरविताच सुरू होते, आणि त्यात काही विशेष घडले असे आपणांस वाटतही नाही. ती सुरू न झाली म्हणजे मात्र घरात धांदल उडते. बॅटरी उतरली, असे कोणीतरी सांगतो, शेजारचे चारजण धावून येतात आणि गाडीला धक्का मारण्याची पाळी येते. हा धक्का ज्या काळी रोजचाच होता, किंबहुना त्याहूनही कष्टाचे आणि धोक्याचे काम ज्या काळी प्रत्येक मोटारवाल्याच्या नशिबी होते, तो काळ एका माणसाच्या बुद्धीने पालटला. त्याच माणसाच्या प्रयोगशाळेतून पुढे एक विषही जगभर पसरले. दान आणि ऋण अशा दोन्ही बाजू असलेले ते चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थीमित्रांपुढे ठेवीत आहोत.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते चौथे. लहानपणापासून त्यांचे डोळे अधू होते आणि वाचावयास बसले की डोके दुखू लागे. तरीही शिकण्याची हौस दांडगी. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातील शाळेत मास्तरकी केली आणि मग कोलंबस येथील ओहायो राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. अभ्यास सोडून ते घरी परतले आणि एका टेलिफोन कंपनीच्या टोळीबरोबर खांबांसाठी खड्डे खणू लागले, तारा ओढू लागले. उघड्यावरच्या या श्रमांनी प्रकृती सुधारली आणि विजेच्या तारांशी प्रत्यक्ष ओळखही झाली. पुढे ते पुन्हा विद्यापीठात गेले. सोबती पुस्तके मोठ्याने वाचीत आणि केटरिंग ती ऐकून ध्यानात ठेवीत. अशा रीतीने १९०४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली. आपल्याबरोबरीची मुले पुढे निघून गेली म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे वय ध्यानात ठेवावे.

पदवी मिळताच डेटन शहरातील एका प्रसिद्ध कारखान्यात त्यांना नोकरी लागली. दुकानातील रोकड नोंदणारी यंत्रे तेथे तयार होत. ही यंत्रे हाताने दांडा फिरवून चालवावी लागत. त्यांना विजेची मोटर जोडावयाची म्हणजे मोटर यंत्राएवढीच मोठी होईल, असा जाणत्यांचा समज होता. केटरिंग यांनी प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. यंत्राचा खण उघडण्यास जोर लागतो खरा, पण तो क्षणभरच. दिवसभर राबणारी मोटर येथे हवीच कशाला? लहानशा मोटरवर क्षणभर तिच्या शक्तीबाहेरचा भार टाकला, तर ती तो सोसते आणि मग तिला विसावा मिळतो. याच विचारावर त्यांनी विजेवर चालणारे रोकडयंत्र सिद्ध केले. ही साधी गोष्ट पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाचे बीज ठरली.

१९०५ साली ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कारखान्यातील त्यांचे वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. नोकरीची वेळ संपली की केटरिंग आणि त्यांचे काही सहकारी त्या कोठारात जमत आणि रात्री उशिरापर्यंत मोटारगाडीच्या विद्युत्-योजनेवर प्रयोग करीत. प्रथम त्यांनी इंजिनात ठिणगी पाडण्याची सुधारलेली रचना तयार केली आणि कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याने तिची मोठी मागणी नोंदविली. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासह डेल्को नावाची कंपनी स्थापन केली.

त्या काळी मोटार सुरू करणे म्हणजे काय असे, हे आता सांगूनही खरे वाटणार नाही. गाडीच्या पुढे उभे राहून, इंजिनात लोखंडी हँडल अडकवून ते अंगातल्या सगळ्या जोराने फिरवावे लागे. त्याआधी ठिणगीची वेळ मागे सारून ठेवणे आवश्यक असे. ते विसरले, की वायूचा भडका वेळेआधी उडे, दट्ट्या उलट फिरे आणि हँडलचा तडाखा फिरविणाऱ्याच्या हातावर बसे. मनगटे मोडणे ही नित्याचीच गोष्ट होती. आपल्याकडेही जुन्या मालमोटारींना पुढून हँडल मारताना पाहिलेली वडीलमंडळी घरोघरी सापडतील. त्यांना विचारले तर या कष्टांचे वर्णन ते आमच्याहून चांगले करतील.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांचे मित्र बायरन कार्टर यांच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की रस्त्यात बंद पडलेली एका बाईंची गाडी सुरू करून देताना त्यांना हँडलचा जबर तडाखा बसला आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. या हकीकतीतील तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण हँडलाला काही पर्याय शोधलाच पाहिजे, असा लीलंड यांनी ध्यास घेतला होता आणि ते काम त्यांनी केटरिंग यांच्याकडे सोपविले, हे खरे.

इंजिन फिरविण्यास इंजिनाएवढीच मोटर आणि गाडीभर बॅटऱ्या लागतील, असा या वेळीही तज्ज्ञांचा हिशेब होता. केटरिंग यांना रोकडयंत्राचा खण आठवला. इंजिनालाही जोर हवा तो काही क्षणांपुरताच! १९११ च्या आरंभी त्यांची योजना गाडीवर चालवून दाखविण्यात आली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारी हँडलाविना सुरू होऊ लागल्या. या योजनेतील खरी हुशारी अशी, की जे यंत्र बॅटरीची वीज घेऊन इंजिन फिरवी, तेच इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या बळावर फिरून वीज निर्माण करी आणि ती बॅटरीत परत भरी. त्याच विजेवर ठिणगी पडे आणि दिवेही लागत. वायूचे दिवे काडी ओढून पेटविण्याचा खटाटोप त्यामुळे संपला. घ्यावे तितके परत करावे, हा व्यवहारातला नियम त्यांनी यंत्राला शिकविला, असे म्हटले तरी चालेल.

या शोधाचे परिणाम दूरवर पोहोचले. तोवर ज्यांच्या अंगी हँडल फिरविण्याइतके बळ नव्हते, त्यांना मोटार चालविणे दुरापास्त होते. म्हणूनच अनेक स्त्रिया विजेवर चालणाऱ्या मोटारी पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांच्याकडे तशीच मोटार होती. स्टार्टर आल्यावर पेट्रोलची गाडी कोणासही चालविता येऊ लागली आणि विजेच्या मोटारी मागे पडण्याचे ते एक मोठे कारण ठरले. आज शंभर वर्षांनी विजेच्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. गंमत अशी, की त्यांच्यापैकी बहुतेकींतही दिवे, कुलपे आणि गणकयंत्रे जागी करण्यासाठी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच.

ही बॅटरी आहे तरी काय? फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ साली तिचा शोध लावला. शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज बाहेर जाताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि वीज आत भरताना ते विरघळते. अशा एका कप्प्यातून सुमारे दोन व्होल्ट मिळतात आणि सहा कप्पे जोडले की बारा व्होल्टची बॅटरी होते. ती उतरलेल्या स्थितीत बरेच दिवस पडून राहिली, तर सल्फेटचे खडे कठीण बनतात आणि मग ते विरघळत नाहीत. म्हणून गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवू नये. दोन-चार मिनिटांच्या फेऱ्यांनी खर्च झालेली वीज भरून निघत नाही, यासाठी अधूनमधून ती दूरवर न्यावी. ज्या बॅटरीला झाकणे असतात तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, नळाचे नव्हे. टोकांवर जमणारा पांढरा-हिरवा क्षार मोठ्यांकडून साफ करून घ्यावा. आजच्या मोटारीत चोराची सूचना देणारा भोंगा असतो, नकाशाचा पडदा असतो, आणि मालकाच्या मोबाइलशी सदैव जोडलेले यंत्रही असते. गाडी बंद असतानाही यांतील काही यंत्रे थेंबाथेंबाने वीज पीत असतात. भरलेल्या घागरीला बारीक भोक पडावे, तशातला हा प्रकार होय.

केटरिंग यांचे लक्ष केवळ शहरातील श्रीमंतांच्या मोटारींकडे नव्हते. शेतावरचा अंधार त्यांनी अनुभवला होता. लहान इंजिन, वीजजनित्र आणि काचेच्या भांड्यांतील बॅटऱ्या यांचा संच त्यांच्या कंपनीने १९१६ पासून विकावयास आणला. जेथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, अशा असंख्य शेतघरांत त्यामुळे दिवे लागले.

पुढे त्यांची कंपनी जनरल मोटर्समध्ये सामील झाली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तेथील संशोधनाचे प्रमुख होते. लवकर सुकणारा रंग, आगगाड्यांसाठी हलके डिझेल इंजिन अशी अनेक कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. सगळ्यांनाच यश आले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी आणि हवेने थंड होणारे त्यांचे इंजिन १९२३ साली साफ फसले आणि विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हे अपयश त्यांना फार लागले.

परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक अपयशाच्या रूपाने आली नाही. ती यशाच्या रूपाने आली. इंजिनातील पेट्रोल अवेळी पेटून खडखडाट होत असे. त्यावर उपाय शोधण्याचे काम त्यांनी थॉमस मिज्ली या आपल्या सहकाऱ्यावर सोपविले. डिसेंबर १९२१ मध्ये मिज्ली यांना आढळले, की शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळताच खडखडाट थांबतो. मद्यार्क मिसळूनही हे साधते, याची त्याच प्रयोगशाळेला कल्पना होती. परंतु शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात पुरत असे आणि त्याचे एकस्व घेता येत होते. शिसे विषारी असते, हे जगाला प्राचीन काळापासून ठाऊक होते. मिज्ली स्वतःच त्या विषाने आजारी पडले. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे परिषद भरली. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या जाणकारांनी धोक्याची सूचना दिली. केटरिंग यांनी मात्र या द्रव्याची बाजू मांडली. विक्री काही काळ थांबली आणि १९२६ साली पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर अनेक दशके मोटारींच्या धुरातून शिसे हवेत मिसळत राहिले. ते सर्वांत जास्त बाधते लहान मुलांना, कारण त्याने वाढत्या मेंदूची हानी होते. १९६५ साली क्लेअर पॅटर्सन या शास्त्रज्ञाने हे प्रदूषण किती प्रचंड आहे ते दाखवून दिले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली आणि जगातील शेवटच्या देशात, म्हणजे अल्जीरियात, २०२१ साली.

शिसे दोन्हीकडे तेच. बॅटरीत ते बंद पेटीत राहते, आपले काम करते आणि पेटी निकामी झाल्यावर वितळवून पुन्हा वापरता येते. पेट्रोलमधून ते धुराबरोबर कोणाच्याही श्वासात गेले आणि परत घेण्याचा मार्गच उरला नाही. स्टार्टर रचताना केटरिंग यांनी घेतलेली वीज परत कशी भरावयाची, याचा विचार केला होता. पेट्रोलच्या बाबतीत हा हिशेब त्यांनी केला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

उत्तरायुष्यात आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे कर्करोगाच्या संशोधनासाठी १९४५ साली संस्था उभारण्यास हातभार लावला. ती दोघांच्या नावांनी ओळखली जाते. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह त्याच रोगाने निवर्तल्या. डेटनजवळच्या एका वस्तीने १९५२ साली केटरिंग हे नाव धारण केले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी या कर्तबगार पुरुषाने जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या चरित्रातून परिश्रम आणि चिकाटी घ्यावी, हे तर आम्ही सांगणारच. अधू डोळ्यांनी एवढे पाहणारा माणूस विरळा. पण आमच्या शाळेतून उद्या जे अभियंते आणि रसायनशास्त्रज्ञ बाहेर पडतील, त्यांनी आणखी एक गोष्ट घ्यावी. आपल्या शोधाची किंमत कोण देणार आहे, हा प्रश्न आपणच प्रथम विचारावा आणि धोका दाखविणाऱ्याला विरोधक समजू नये. तोवर एवढे तरी आपणांस करता येईल, की घरातील जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये किंवा गल्लीत उघड्यावर शिसे वितळविणाऱ्याच्या हाती देऊ नये. नवी घेताना ती दुकानदाराकडेच परत करावी, म्हणजे ती योग्य ठिकाणी पोहोचेल. उघड्यावर उठणाऱ्या त्या धुरात जी मुले खेळतात, ती आपल्याच वयाची असतात.