पाँडिचेरी पडली आणि फ्रान्सनं आपल्याच सेनापतीचा शिरच्छेद केला

१४ जानेवारी १७६१. पानिपतची ही तारीख आपल्याला पाठ असते. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, तिकडे दक्षिणेत पाँडिचेरीतल्या फ्रेंचांनी इंग्रजांपुढे शस्त्रं टाकली. भारतावर राज्य करण्याचं फ्रेंचांचं स्वप्न तिथेच संपलं. या पराभवाचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटलं, तो होता काउंट लाली.

लालीचा जन्म १७०२ चा, फ्रान्समधला. वडील मूळचे आयरिश. इंग्रजांवरचा राग घरातूनच आलेला. १७४५ च्या फाँटन्वाच्या लढाईत त्यानं इंग्रजांविरुद्ध नाव कमावलं. पुढे सप्तवार्षिक युद्ध पेटलं आणि इंग्रजांना भारतातून हाकलण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवण्यात आली.

एप्रिल १७५८ मध्ये तो पाँडिचेरीत उतरला. जूनच्या सुरुवातीलाच त्यानं इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड घेतला. सुरुवात तर जोरदार झाली. मग बिनसलं कुठे?

पहिली अडचण पैशाची. तिजोरीत खडखडाट होता. पैसे उभे करायला त्यानं तंजावरवर स्वारी केली, ती फसली. दुसरी अडचण त्याच्या स्वभावाची. तो शूर होता, पण तापट आणि हेकट. जातीपातीच्या चालीरीतींचा विचार न करता त्यानं स्थानिकांना ओझी वाहायला जुंपलं, कंपनीच्या अधिकाऱ्यांना भ्रष्ट ठरवलं. हैदराबादमध्ये फ्रेंचांचा दबदबा टिकवून असलेल्या बुसीलाही परत बोलावलं. तो दबदबा मग फार काळ टिकला नाही.

डिसेंबर १७५८ मध्ये त्यानं मद्रासला वेढा घातला. तटाला खिंडार पडलंही, पण फेब्रुवारीत इंग्रजांची जहाजं मदत घेऊन आली आणि त्याला वेढा उठवावा लागला. किनाऱ्यावरच्या शहराचा वेढा समुद्रावर ताबा असल्याशिवाय सहसा यशस्वी होत नाही. फ्रेंच आरमार मात्र १७५९ मध्ये मॉरिशसकडे निघून गेलं, ते परतलंच नाही. इंग्रजांकडे आरमार होतं आणि पाठीशी बंगालचा पैसाही.

२२ जानेवारी १७६० ला वांदिवाश इथे आयर कूटनं लालीचा पराभव केला. मग वेढा पडला तो पाँडिचेरीला. जमिनीवर कूटचं सैन्य, समुद्रात इंग्रजांची जहाजं. शहरात अन्न संपत आलं, तेव्हा लालीनं हजाराहून अधिक भारतीय रहिवाशांना बाहेर काढलं. इंग्रज त्यांना पुढे जाऊ देईनात, फ्रेंच आत घेईनात. दोन सैन्यांच्या मधोमध ही माणसं कित्येक दिवस उपाशी अडकून पडली. युद्ध दोन युरोपीय सत्तांचं होतं, भरडले गेले ते इथले लोक.

१ जानेवारी १७६१ च्या वादळात इंग्रजांची अनेक जहाजं बुडाली. पण त्याचा फायदा घ्यायला फ्रेंच आरमार जवळपास नव्हतंच. १६ जानेवारीला शहर पडलं. इंग्रजांनी ते अक्षरशः जमीनदोस्त केलं.

कैदी म्हणून लंडनला नेलेल्या लालीला फ्रान्समध्ये आपल्यावर फितुरीचे आरोप होत असल्याचं कळलं. तो इंग्रजांची परवानगी काढून स्वतःहून मायदेशी गेला. तिथे त्याची रवानगी बॅस्टिलच्या तुरुंगात झाली. ९ मे १७६६ ला, तोंडात बोळा कोंबून, पॅरिसमध्ये भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला. ज्या आरमारानं आणि तिजोरीनं त्याला ऐनवेळी साथ दिली नाही, त्यांचा हिशेब मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर लागला.

व्होल्टेअर आणि लालीचा मुलगा यांनी हे प्रकरण लावून धरलं. १७७८ मध्ये राजाच्या परिषदेनं तो निकाल रद्द केला. तोवर लालीला जाऊन १२ वर्षं झाली होती.

पाँडिचेरी तहानुसार फ्रेंचांना परत मिळाली. इंग्रजांना आव्हान देण्याची ताकद मात्र त्यांच्याकडे पुन्हा तशी आली नाही.