डॉ. चार्ल्स ड्रू : रक्तपेढीचा शिल्पकार आणि त्याच्या मरणाची खोटी गोष्ट



१ ऑक्टोबरला आपल्याकडे राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन असतो. परिपाठात त्या दिवशी बहुधा कार्ल लँडस्टायनर यांची माहिती वाचली जाते. ते योग्यच आहे. १९०१ साली त्यांनी रक्तगट दाखवून दिले म्हणून तर आज एकाचं रक्त दुसऱ्याला निर्धास्तपणे देता येतं. पण यंदा दुसऱ्या एका डॉक्टरची गोष्ट सांगून बघा. तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली असेल. फक्त तिचा शेवट तपासून घ्यावा लागेल.

ऐकीव गोष्ट अशी : अमेरिकेत रक्तपेढीचा शोध लावणारा एक कृष्णवर्णीय डॉक्टर होता. त्याला अपघात झाला, गोऱ्यांच्या दवाखान्याने त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि ज्याने लाखोंना रक्त मिळवून दिलं तो स्वतः रक्ताविना गेला. अशी गोष्ट सांगितली की वर्ग चिडीचूप होतो. अडचण एवढीच की ती खरी नाही. आणि खरी हकिगत जास्त विचार करायला लावणारी आहे.

चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील घरोघरी गालिचे बसवून देण्याचं काम करत, आईचं शिक्षण शिक्षिकेचं झालेलं. पोरगा खेळात तरबेज. लहानपणी वर्तमानपत्रं विकून चार पैसेही मिळवायचा. १९२० मध्ये त्यांची धाकटी बहीण क्षय आणि इन्फ्लुएंझाने गेली. खेळाच्या जोरावर त्यांना अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मोजकेच. मैदानावर त्यांचं कौतुक व्हायचं, पण गावोगाव सामने खेळायला गेल्यावर हॉटेलात जेवायला बसू देतीलच याची खात्री नसायची.

पदवीनंतर डॉक्टर व्हायचं, पण हातात पैसे नाहीत. म्हणून दोन वर्षं बाल्टिमोरच्या एका कॉलेजात शिकवलं आणि खेळाचं प्रशिक्षण दिलं. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला. कृष्णवर्णीयांसाठीची ही नावाजलेली संस्था. तिने अर्ज नाकारला, कारण काय, तर इंग्रजी विषयाचे श्रेयांक थोडे कमी भरले! नियमावर बोट ठेवणारे कार्यालय जगात सगळीकडे सारखंच, नाही का? ड्रू कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले आणि १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरे येऊन डॉक्टर झाले. पुढे ज्या हॉवर्डने प्रवेश नाकारला होता, तिथेच ते शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले.

मॅकगिलला जॉन बीटी नावाचे ब्रिटिश शिक्षक होते. त्यांच्यामुळे ड्रू यांना रक्त देण्याच्या शास्त्राची गोडी लागली. १९३८ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. (हो, तेच कोलंबिया, जिथे पंचवीस वर्षं आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले होते.)

तेव्हाचा प्रश्न काय होता, ते मुलांना नीट समजावून सांगा. रक्त काढता येत होतं, सायट्रेट घालून गोठण्यापासून थांबवताही येत होतं. पण शीतकपाटात ठेवलं तरी साधारण आठवड्याभरात तांबड्या पेशी फुटू लागत. रक्तपेढी ही कल्पना ड्रू यांची नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवा. रशियात आधी रक्त साठवलं जात होतं, आणि ब्लड बँक हा शब्द १९३७ मध्ये शिकागोच्या डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रूढ केला. ड्रू यांनी केलं ते वेगळं. बाटलीचा आकार कसा असावा, तापमान किती, हलवल्याने काय होतं, रक्त किती दिवस चालतं, जंतू कुठून शिरतात, असा बारीकसारीक अभ्यास करून त्यांनी १९४० मध्ये साठवलेल्या रक्तावर जाडजूड प्रबंध लिहिला. कोलंबियाची ती डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्या सुमारास झालेल्या थोरल्या मुलीच्या नावात त्यांनी ब्लड बँकची आद्याक्षरं घातली. घरीदारी एकच ध्यास!

त्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं. ब्रिटनवर बॉम्ब पडत होते आणि तिकडे गेलेल्या बीटी सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे मदत मागितली. रक्त समुद्रापार नेणं कठीण, पण त्यातला पिवळसर द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, नेता येतो. पेशी काढून टाकलेल्या असल्याने तो जास्त टिकतो आणि अनेकांचा प्लाझ्मा एकत्र केला की रक्तगट जुळवण्याचीही गरज उरत नाही. ऑगस्ट १९४० ते जानेवारी १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत सुमारे साडेचौदा हजार जणांनी रक्त दिलं. प्रत्येक रुग्णालयाची पद्धत निराळी असून चालणार नव्हतं. एका बाटलीत जंतू शिरले की एकत्र केलेला सगळा साठा वाया. ड्रू यांनी सगळ्यांना एकच पद्धत घालून दिली आणि तपासण्या कडक केल्या. मग अमेरिकन रेड क्रॉसने लष्करासाठी प्लाझ्मा गोळा करायचं ठरवलं तेव्हा पहिल्या केंद्राचं काम त्यांच्याकडेच आलं. रक्त घ्यायला गावोगाव फिरणारी गाडीही याच काळातली.

आणि इथे ती लाजिरवाणी गोष्ट येते. लष्कराच्या इच्छेनुसार रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचं रक्त घेणंच बंद ठेवलं. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये धोरण बदललं, पण कसं? रक्त घ्यायचं, मात्र वेगळं ठेवायचं. बाटलीवर दात्याचा वंश लिहायचा, म्हणजे गोऱ्या सैनिकाच्या नसेत काळ्याचं रक्त जायला नको. म्हणजे ज्या माणसाने ही यंत्रणा उभी केली, त्याचं स्वतःचं रक्तही त्याच यंत्रणेत वेगळ्या कप्प्यात गेलं असतं.

याच्या निषेधार्थ ड्रू यांनी राजीनामा दिला, असंही लिहिलेलं तुम्हाला आढळेल. तेही खरं नाही. हे धोरण गाजण्याआधीच, १९४१ च्या वसंतात, ते हॉवर्डला परतले होते, कारण त्यांना शल्यचिकित्सक घडवायचे होते. पण ते गप्प बसले नाहीत. माणसाचं रक्त वंशावरून वेगळं ओळखता येतं याला शास्त्राचा काडीचा आधार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. आपण बोलताना अगदी सहज खानदानी रक्त, आपल्या रक्ताचा माणूस असं म्हणतो. तो शब्द प्रयोगशाळेत नेला तर तिथे फक्त ए, बी, एबी आणि ओ सापडतात. तेच गट गोऱ्यांत, तेच काळ्यांत.

वॉशिंग्टनच्या वैद्यकीय संघटनेने काळे म्हणून त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शेवटपर्यंत सभासद करून घेतलं नाही. तरी १९४१ ते १९५० या काळात अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक जण त्यांच्या हाताखाली शिकलेले होते. एका शिक्षकाचं याहून मोठं काम मला तरी ठाऊक नाही. रक्तपेढीच्या कामापेक्षाही हे मोठं, असं माझं मत.

आता शेवट. मार्च १९५० संपता संपता ते तीन सहकारी डॉक्टरांसह अलाबामातल्या टस्कीगी इथल्या मोफत आरोग्य शिबिराला मोटारीने निघाले. मध्यरात्र उलटून गेलेली, दिवसभराच्या कामाचा शीण. १ एप्रिलच्या सकाळी नॉर्थ कॅरोलिनात गाडी चालवताना ड्रू यांना डुलकी लागली आणि गाडी उलटली. त्यांना बर्लिंग्टन गावच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले, पण जखमा फार खोल होत्या. वय अवघं पंचेचाळीस. उपचारात हयगय झाली नव्हती, हे अपघातातून वाचलेल्या सोबतच्या डॉक्टरांनीच सांगितलं.

मग खोटी गोष्ट पसरली कशी? कारण तशी माणसं खरोखरच मरत होती. त्याच वर्षी, त्याच परगण्यात, डिसेंबरात एका कृष्णवर्णीय तरुण विद्यार्थ्याला अपघात झाला. त्याला दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, पण काळ्यांसाठी राखलेल्या खाटा भरल्या होत्या म्हणून तिथे ठेवून घेतलं नाही. तो गेला. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, ड्रू यांचं सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी दोन मरणं एकत्र करून टाकली.

मुलांना दोन्ही सांगा, पण वेगवेगळी. दात्याचा वंश लिहिण्याची पद्धत रेड क्रॉसने १९५० च्या अखेरीस बंद केली, ड्रू गेल्यावर काही महिन्यांनी. लुइझियाना राज्यात मात्र तसा कायदा १९७० च्या दशकापर्यंत चालू होता.