तळ्यांचे प्राध्यापक डोनाल्ड रॉसन



मार-ओ-वाक्वाच्या काठी उभे राहिले की आपण पाणी किती चढले तेवढेच पाहतो. त्या पाण्यात काय जगते हे कोण विचारतो? पण बारीक जाळ्यातून पाणी गाळून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. त्यात डाफ्निया, सायक्लॉप्स असे चिमुकले जीव वळवळताना दिसतात. शास्त्रज्ञ त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. (आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात पायविहिरींतून नारू पसरे, तो याच सायक्लॉप्समुळे.) या जीवांचे मोजमाप घेत कॅनडाची तळी पालथी घालणारे प्राध्यापक डोनाल्ड रॉसन यांची आज आम्ही ओळख करून देत आहोत.

रॉसन यांचा जन्म १९०५ साली ऑन्टारियो प्रांतातल्या क्लेरमाँट गावी झाला. टोरांटो विद्यापीठात शिकताना त्यांनी सिमको सरोवराच्या तळातील जीवांचा अभ्यास केला. १९२८ साली ते सॅस्काटूनच्या सस्कॅचेवान विद्यापीठात शिकवू लागले. तो मुलूख गव्हाच्या सपाट शेतांचा. तिथे पाण्याचा अभ्यासक काय करणार, असे कोणालाही वाटेल. पण त्या प्रांताच्या उत्तरेला तळ्यांची गणती नाही, आणि दक्षिणेत खाऱ्या पाण्याचीही तळी आहेत. रॉसन यांनी दोन्ही सोडली नाहीत.

त्यांचे काम दिसायला साधे. होडी तळ्याच्या मध्यावर न्यायची, रेशमी कापडाचे निमुळते जाळे दोरीने खोल सोडायचे आणि सरळ वर ओढायचे. जाळ्याच्या टोकाशी जे जमेल ते बाटलीत घ्यायचे, नासू नये म्हणून त्यात औषध घालायचे. मग प्रयोगशाळेत जीव ओळखायचे, मोजायचे, वाळवून वजन करायचे. शेतकरी एकरी पीक सांगतो, तसे हे पाण्यातले पीक. छोटे मासे या जीवांवर जगतात, मोठे मासे छोट्यांवर. तेव्हा हे पीक किती, ते कळल्याशिवाय तळ्यातून किती मासे काढावेत हे ठरवणे कठीण.

१९४४ साली हाच प्रश्न ग्रेट स्लेव्ह सरोवरावर उभा राहिला. मॉरिशससारखी दहा बेटे सहज मावतील एवढे ते पाणी, आणि सर्वांत खोल जागी ६१४ मीटर. तिथे व्यापारी मासेमारी सुरू व्हायची होती. एवढ्या पाण्यात मासे अमाप असणार, हा साधा हिशेब. काठावरच्या डेने लोकांचे पोट मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच माशांवर होते. रॉसन यांनी पाहणी केली. तळे जितके खोल तितके त्याचे पीक कमी, असे त्यांचे मत होत गेले. कारण ऊन वरच्या थरापर्यंतच पोचते, अन्नद्रव्ये खाली बसतात, आणि थंड पाण्यात मासाही सावकाश वाढतो. १९४५ साली मासेमारी सुरू झाली, ती मर्यादा घालून. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत मोलाचे काम.

धरणांकडेही त्यांचे लक्ष होते. रॉकी पर्वतातल्या मिनेवांका तळ्यावर १९४१ साली नवा बांध झाला, पाणी सुमारे वीस मीटर चढले आणि काठावरची वस्ती बुडाली. अशा जलाशयात पाणी वरखाली होते, काठ कधी बुडतो कधी उघडा पडतो, आणि काठचे किडे मरतात. मग माशांना आधार उरतो तो मुख्यतः प्लवकांचा. बांध घालण्याआधीच पुढचा अंदाज बांधता येईल का? १९५८ साली रॉसन यांनी याच विषयावर निबंध लिहिला. तळ्याची सरासरी खोली, पाण्यातले क्षार, प्लवकांचे वजन अशा अनेक खुणा एकत्र पाहाव्यात, एकीवर विसंबू नये, असा त्यांचा रोख होता.

पुढच्याच वर्षी, १९५९ साली, त्यांच्या गावावरून वाहणाऱ्या दक्षिण सस्कॅचेवान नदीवर मोठ्या धरणाचे काम सुरू झाले. ते पुरे झाले १९६७ साली आणि सव्वादोनशे किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. रॉसन १९६१ सालीच वारले होते. त्या पाण्यात जाळे सोडणे त्यांच्या नशिबी नव्हते.