पहिला निजाम आणि आमचे बऱ्हाणपूर

साम्राज्य मोडकळीस आले म्हणजे त्याच्या प्रांतांनी काय करावे? १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि त्यातून १५ राष्ट्रे निघाली. राज्यशास्त्रात हा भाग अभ्यासताना मला वारंवार आठवला तो पहिला निजाम. हाच प्रश्न ३०० वर्षांपूर्वी त्याच्यापुढे उभा होता आणि त्याच्या उत्तराचा आरंभ त्याने माझ्या गावी, तापीकाठच्या बऱ्हाणपुरात केला.

त्याचे नाव मीर कमरुद्दीन, जन्म १६७१ चा. आजोबा समरकंदकडून हिंदुस्थानात आलेले. ते समरकंद आज उझबेकिस्तानात, म्हणजे त्या १५ राष्ट्रांपैकीच एकात आहे. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात आजोबा कामी आले. नातू औरंगजेबाच्या पदरी वाढला. १७०७ साली औरंगजेब वारला आणि दिल्लीच्या तख्तासाठी रणे माजली. १७१३ साली कमरुद्दीनला निजाम-उल्-मुल्क हा किताब व दख्खनची सुभेदारी मिळाली, आणि दोनच वर्षांत ती सुभेदारी गेलीही. दिल्लीत सय्यद बंधूंची सत्ता होती. बादशहा त्यांच्या हातचे बाहुले होते.

१७२० साली निजाम माळव्याचा सुभेदार होता. सय्यद आपला काटा काढणार हे ओळखून त्याने नर्मदा ओलांडली आणि अशीरगड व बऱ्हाणपूर ताब्यात घेतले. बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे ठाणे आणि उत्तरेतून दख्खनेत उतरण्याची वाट. ती हाती येताच दख्खनचे दार उघडले. त्याच वर्षी बाळापूरच्या लढाईत सय्यदांचा पक्ष दख्खनेत संपला. १७२२ साली तो दिल्लीचा वजीर झाला, पण दरबारातील कारस्थानांना विटून परतला. १७२४ साली बुलढाण्याजवळ साखरखेर्ड्याला त्याने मुबारिजखानाचा पराभव केला. पुढच्याच वर्षी बादशहाने त्याला आसफजाह हा किताब दिला.

यात मोठी मौज आहे. स्वातंत्र्याची घोषणा त्याने कधीच केली नाही. नाणे बादशहाच्या नावाचे, खुत्बाही त्याच्याच नावाचा. मात्र वसूल, नेमणुका, लढाया आणि तह हे सारे त्याचे स्वतःचे. राज्य जाहीरनाम्याने होत नाही; सैन्याचा पगार कोण देतो आणि शेजारी तह कोणाशी करतात यावर ते ठरते, हे त्याने पुरते ओळखले होते.

शेजारी म्हणजे मराठे. १७२८ साली पालखेडला बाजीराव पेशव्यांनी त्याला कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य करावयास लावला. १७३८ साली भोपाळलाही तोच अनुभव आला. म्हणूनच की काय, मृत्युपत्रात त्याने मराठ्यांशी शक्य तो सलोखा ठेवण्याचा सल्ला वारसांना दिला. १ जून १७४८ रोजी बऱ्हाणपुरातच त्याचे निधन झाले. ज्या संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून आमच्या गावाचे नाव पडले, त्यांच्याच खुलताबादच्या दर्ग्यात त्याची कबर आहे. खुद्द बऱ्हाणपूर मात्र १७६० साली, उदगीरच्या लढाईनंतर, मराठ्यांकडे आले.

एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया ही राष्ट्रेही एका साम्राज्यातून सुटली आणि त्यांनीही मोठे छप्पर शोधले. परंतु २००३ साली त्यांनी जनतेचे मत घेतले आणि नंतरच, २००४ साली, ती युरोपीय संघात गेली. आसफजाहच्या रयतेला असे कोणी कधी विचारले नाही. त्याने उभारलेले राज्य २०० वर्षे टिकले. ते १९४८ साली भारतात विलीन झाले आणि १९५६ साली भाषेनुसार विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले.

या अंकाची मराठी पाने आणि कन्नड पाने वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे आजोबा एकाच निजामाची प्रजा होते. आसफजाहची हुशारी मला निःसंशय मोठी वाटते. तथापि वसूल आणि फौज यांवर राज्य उभे राहते, लोकांच्या संमतीवाचून ते त्यांचे होत नाही, एवढे त्याच्या चरित्रावरून आपण शिकावे.